पाळीत पोट दुखतं ते का, आणि डॉक्टरकडे जाताना काय तयारी करायची

पाळीत थोडंफार दुखतंच, ते नाकारत नाही. पण "थोडंफार" कुठे संपतं हे आपल्याकडे कोणी सांगतच नाही, आईला दुखायचं, मावशीला दुखायचं मग तुलाही दुखणार, लग्न झालं की थांबेल, मूल झालं की थांबेल असं करत करत पोरगी तिशीत पोचते आणि मग एखाद्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट निघते, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात झालेली जुन्या रक्ताची गाठ. एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या आतल्यासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं) मूल होण्याच्या वयातल्या साधारण 10 पैकी एका बाईला असतो असं डब्ल्यूएचओ सांगते, आणि तरी तो कळायला कित्येक वर्षं जातात. त्याचं मोठं कारण म्हणजे दुखणं नीट सांगितलंच जात नाही.

तर आधी दुखण्याचे दोन प्रकार समजून घ्या. पहिला म्हणजे प्रायमरी, यात आजार काहीच नसतो. पाळी आली की पिशवीच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्याने पिशवी आवळते, तिथला रक्तपुरवठा थोडा कमी होतो आणि कळा येतात. उलटी, जुलाब, डोकं दुखणं हेही त्याच रसायनांमुळे. पाळी सुरू झाल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभरात हे चालू होतं, दर महिन्याला रक्तस्रावाच्या सुमारास दुखायला लागतं, ओटीपोट कंबर मांड्या, आणि दोन-तीन दिवसांत निवतं.

दुसरा सेकंडरी, म्हणजे मागे काहीतरी कारण आहे. वर सांगितलेला एंडोमेट्रिओसिस, अ‍ॅडिनोमायोसिस (तेच अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरतं, पिशवी जड होते), फायब्रॉइडच्या गाठी, ओटीपोटातलं इन्फेक्शन, कधी कॉपर-टी. आणि आपल्या देशात जननमार्गाचा टीबी पण लक्षात ठेवावा लागतो. अगदी कोवळ्या मुलीला पहिल्या काही पाळ्यांपासूनच भयंकर दुखत असेल, किंवा वय झालं तरी पाळी आलीच नाही पण दर महिन्याला पोटात कळा येतात, तर रक्त बाहेर पडायची वाटच जन्मतः बंद आहे का तेही बघतात.

संशय कशावरून घ्यायचा? आधी त्रास नव्हता आणि पंचविशी-तिशीनंतर सुरू झाला. दर वर्षी वाढत चाललाय. पाळीच्या चार दिवस आधीपासून दुखतं किंवा पाळी संपल्यावरही राहतं. संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं. पाळीच्या दिवसांत संडासला किंवा लघवीला बसताना कळ येते. दिवस राहत नाहीत. अधेमधे अंगावरून जातं. यातलं एक जरी असेल तरी गोळी खाऊन गप्प बसू नका.

आता मुख्य काम, वही. मोबाइलमध्ये केलं तरी चालेल. निदान दोन-तीन पाळ्या लिहा, आणि "खूप दुखलं" असं लिहू नका, त्याचा डॉक्टरला काही उपयोग नाही. असं लिहा: "पाळीच्या 2 दिवस आधी, उजवीकडे खाली, 10 पैकी 6. पहिला दिवस 9, संडासला बसताना पाठीपर्यंत कळ, गोळी सकाळी 8 ला घेतली, 11 पर्यंत फरक नाही, ऑफिसला दांडी. पॅड दर दोन तासांनी, रक्ताच्या मोठ्या गाठी." एवढं वाचून चांगली गायनॅक अर्ध्याहून जास्त अंदाज बांधते. घरात आई-बहिणीला एंडोमेट्रिओसिस किंवा गाठी होत्या का तेही विचारून ठेवा, विचारायला लाज कसली.

दवाखान्यात मग काय होतं? लघवीची तपासणी, गरजेप्रमाणे प्रेग्नन्सी टेस्ट, ब्लीडिंग जास्त असेल तर हिमोग्लोबिन, आणि सोनोग्राफी. लग्न झालेल्या किंवा संबंध आलेल्या बाईची बहुतेक वेळा आतून करतात, त्यात जास्त नीट दिसतं. बाकीच्यांची पोटावरून, त्यासाठी पाणी ढोसून लघवी तुंबवून बसायचं, नंबर लागेपर्यंत जीव नकोसा होतो पण त्याला इलाज नाही. संबंध आले आहेत की नाही हे डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगा, आई शेजारी बसली असेल तर एकटीने बोलायचंय असं सरळ म्हणा.

आणि हे नीट वाचा: सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही असं होत नाही. गाठ झाली असेल तर दिसते, पण वरवर पसरलेले डाग बहुतेकदा दिसत नाहीत. सीए-125 च्या रक्ततपासणीवरूनही हे ठरत नाही, उगाच पैसे घालवू नका. गरज वाटली तर एमआरआय करतात. आधी सगळे लॅप्रोस्कोपीच (पोटात दुर्बीण घालून बघणं) करायचे, पण 2022 च्या युरोपियन गाइडलाइननुसार लक्षणांवरून औषध सुरू करून बघणंही योग्य धरतात.

साध्या त्रासाला आयब्युप्रोफेन किंवा मेफेनामिक अ‍ॅसिड, तेही कळा सुरू होताच, खाऊन, दोन-तीन दिवस. कळ असह्य झाल्यावर घेतलेली गोळी कमी लागू पडते. अल्सर, किडनीचा त्रास, दमा असेल तर डॉक्टरला विचारूनच. मेफेनामिकबद्दल 2023 मध्ये सरकारी फार्माकोपिया कमिशनने इशारा पण दिला होता, क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होते म्हणून, गोळी घेतल्यावर ताप आणि अंगावर पुरळ आलं तर बंद करून डॉक्टर गाठा. गोळ्या नीट घेऊन किंवा हार्मोनच्या गोळ्यांनी तीन ते सहा महिन्यांत फरक पडला नाही तर पुढची तपासणी मागून घ्या.

अचानक एका बाजूला जीवघेणं दुखलं, चक्कर येऊन पडायला झालं, ताप आला किंवा पाळी चुकलेली असताना दुखतंय, तर वही-बिही राहू द्या, त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. नळीतला गर्भ, अंडाशयाला पीळ, अपेंडिक्स यातलं काहीही असू शकतं.

शेवटी पिशवी काढण्याबद्दल. "पिशवीला सूज आहे, काढून टाका" हे आपल्याकडे फार पटकन सांगितलं जातं. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न पेपरात आला तेव्हा हजारो जणींच्या पिशव्या काढल्याचं समोर आलं, कित्येक अगदी तरुण. म्हणून कोणी ऑपरेशन सुचवलं तर निदानाचं नाव कागदावर लिहून मागा, आधी गोळ्या किंवा हार्मोनवाली कॉपर-टीसारखी मिरेना का नको ते विचारा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. आणि केलंच ऑपरेशन तर काढलेल्या पिशवीचा बायॉप्सी रिपोर्ट फाइलला लावून घ्या.