एएमएलच्या रिपोर्टमधली भाऊबंदकी कशी वाचायची

घरात कुणाला एएमएल (ल्युकेमियाचा म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला की एनजीएसचा (जीनमधले बिघाड शोधणाऱ्या टेस्टचा) रिपोर्ट हातात येतो आणि सगळे जीनची नावं गुगल करत बसतात. नावं नंतर. आधी त्यापुढचा व्हीएएफचा आकडा (त्या जीनच्या शंभर कॉप्यांपैकी किती बिघडल्यात ते) बघा, कारण ल्युकेमियाच्या सगळ्या पेशी सारख्या नसतात, मूळ पेशी एकच पण पुढे नवनवीन म्युटेशन (जीनमधले बिघाड) होत वेगवेगळे गट पडतात, त्यांना क्लोन म्हणतात, आणि बोन मॅरोमधल्या जागेवरून त्यांची चक्क भाऊबंदकी चालते.

आता हिशोब. प्रत्येक पेशीत जीनच्या दोन कॉप्या असतात, बहुतेक वेळा एकच बिघडते, म्हणून आकडा दुप्पट केला की साधारण किती टक्के पेशींत तो बिघाड आहे ते कळतं. समजा चार जीनचे आकडे असे आहेत: डीएनएमटी३ए ४६, एनपीएम१ ४२, एफएलटी३-टीकेडी (एफएलटी३मधल्या बिघाडाचा एक प्रकार) ९, एनरास ४. पहिल्या दोघांचे झाले ९२ आणि ८४, बेरीज शंभराच्या कितीतरी वर, म्हणजे बऱ्याच पेशींत दोन्ही एकत्र असणारच. हे मूळ घराणं. एफएलटी३ १८ टक्के पेशींत आणि एनरास ८, ही धाकटी पाती. ती एकाच पेशीत आहेत की वेगळ्या, ते या रिपोर्टवरून कळत नाही, त्याला सिंगल सेल सिक्वेन्सिंग, म्हणजे एकेक पेशी वेगळी तपासणारी टेस्ट लागते (बहुतेकदा वेगळ्याच निघतात). आणि हो, एफएलटी३-आयटीडी हा त्याच जीनमधला दुसरा बिघाड बऱ्याचदा रेशो (बिघडलेल्या आणि चांगल्या कॉप्यांचं प्रमाण) म्हणून वेगळा लिहितात, तो दुप्पट करू नका.

४ आहे म्हणून एनरासला सोडून देऊ नका बरं का. जिल्टेरिटिनिबसारखी गोळी, जिला अमेरिकेत २०१८ला मान्यता मिळाली, ती एफएलटी३वाल्यांना मारते, मग मोकळ्या झालेल्या जागेवर हाच ४ वाला पसरू शकतो. उलटंही होतं, सुरुवातीला नसलेला एफएलटी३ रिलॅप्सला (आजार परत आल्यावर) उगवतो. म्हणून रिलॅप्स झाला की जुन्या रिपोर्टवर औषध ठरवू देऊ नका, टेस्ट परत करायची का ते स्वतःहून विचारा.

रिमिशनमध्ये (उपचारानंतर आजार दिसेनासा झाल्यावर) डीएनएमटी३ए एकटाच शिल्लक दिसला तर लगेच घाबरू नका, त्या ल्युकेमियाच्याही आधीच्या जुन्या पेशी असतात आणि नॉर्मल रक्तही बनवतात. एनपीएम१ मात्र परत वर सरकायला लागला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

तुलना करताना मॅरोची मॅरोशीच, रक्ताची रक्ताशी, जमलं तर लॅबही तीच. तारखेप्रमाणे सगळे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि तो कागद हिमॅटॉलॉजिस्टसमोर ठेवा.