युनिव्हर्सिटीतल्या मेडिकल शोधाला गिऱ्हाईक कसं शोधायचं

लॅबमध्ये काहीतरी भारी सापडतं, पेपर लिहून होतो, पेटंटचा अर्जही जातो, आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात की आता हे घेणार कोण. टेक ट्रान्सफरच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीतले शोध कंपन्यांपर्यंत पोहोचवायच्या कामात हे इतक्यांदा बघितलंय की हल्ली कोणी शोध घेऊन आलं की मी आधी विज्ञान विचारतच नाही, विचारते की हे ज्याच्या हातात पडणार त्याचा हुद्दा सांगा. "डायबेटिसचे सगळे पेशंट" हे उत्तर नाही चालत. वापरतो पेशंट, लिहून देतो डॉक्टर, ऑर्डर काढतो हॉस्पिटलचा खरेदी विभाग आणि पैसे बऱ्याचदा भरतं सरकार नाहीतर इन्शुरन्सवाले, आणि यातला एक जरी नाही म्हणाला की गाडी तिथेच अडते.

त्याआधी एक गोष्ट, कारण इथे खूप जण कायमचं नुकसान करून घेतात. पेटंटचा अर्ज टाकायच्या आधी कुठेही बोलायचं नाही, पोस्टर नाही, सेमिनार नाही, लायब्ररीत ठेवलेला थीसिससुद्धा नाही. अमेरिकेत स्वतःच्याच प्रकाशनासाठी एक वर्षाची सूट मिळते, पण युरोपात अशी सर्वसाधारण सूट नाही, तिथे एकदा उघड केलंत की नवेपणा गेला आणि त्याबरोबर पेटंटही गेलंच समजा.

आता गिऱ्हाईक. सरळ जिथे ती गोष्ट वापरली जाणार तिथे जाऊन बसा. एका टीमकडे रक्ताची एक छान टेस्ट होती, आकडे सुंदर होते, सगळ्यांना वाटायचं डॉक्टर यावर उड्या मारतील. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एक सकाळ टेक्निशियनच्या टेबलाशेजारी उभी राहिले. तिच्यासमोर रॅकमध्ये जवळजवळ सगळ्या जांभळ्या टोपणाच्या ईडीटीएच्या नळ्या होत्या, म्हणजे ज्यात रक्त गोठत नाही अशा, आणि आमच्या टेस्टला लागत होतं सीरम, रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी, म्हणजे प्रत्येक पेशंटची अजून एक वेगळी नळी काढायची, त्यातलं रक्त गोठेपर्यंत थांबायचं, मग नळी मशीनमध्ये फिरवायची. तिने नळी हातात घेऊन नुसतं विचारलं, "हे यातच नाही का होणार?" तो प्रश्न घेऊन टीम परत गेली आणि तीन महिने प्लाझ्मावर, म्हणजे न गोठलेल्या रक्तातून मिळणाऱ्या पाण्यावर, काम केलं. हे मार्केट रिपोर्टमध्ये कुठेच सापडलं नसतं. अशा दहा-बारा लोकांशी बोला, आणि शोध दाखवायची घाई करू नका, आज ते काय करतात आणि कुठे वैतागतात तेवढंच विचारा.

दुसरं म्हणजे रोगाचं नाव बाजूला ठेवून ही गोष्ट नक्की *करते* काय हे एका ओळीत लिहा. याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचं. १९३३ मध्ये एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन तिथल्या युनिव्हर्सिटीत कार्ल लिंक यांच्या लॅबमध्ये आला, सडका क्लोव्हर चारा खाऊन त्याची जनावरं रक्तस्रावाने मरत होती. त्या चाऱ्यातून आधी डायकुमारॉल हे रक्त गोठू न देणारं रसायन सापडलं, पुढे त्याच जातीतलं वॉर्फरिन बनवलं गेलं. १९४८ मध्ये ते बाजारात आलं ते उंदराचं विष म्हणून, आणि १९५४ मध्ये माणसांना औषध म्हणून द्यायला परवानगी मिळाली. करतं काय, तर रक्त गोठू देत नाही. एवढं लिहिलं की मग ते कुणाकुणाला हवं असेल याची यादी आपोआप लांबत जाते.

सगळंच औषध व्हायला पाहिजे असंही नाही. अँटिबॉडी, सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी), उंदरांची खास जात, हे संशोधनाच्या वस्तू विकणाऱ्या कंपन्या घेतात, क्लिनिकल ट्रायल लागत नाही, कित्येकदा पेटंटही लागत नाही, आणि अनेकांना देता येतं. कोहेन आणि बॉयर या दोन शास्त्रज्ञांचं जीन जोडायचं तंत्र वापरायचा परवाना स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीने एकाच कंपनीला न देता साडेचारशेहून जास्त कंपन्यांना दिला आणि साधारण २५ कोटी डॉलर जमले. याउलट नवं औषध असेल तर कंपनी बहुतेक एक्सक्लुझिव्हच, म्हणजे फक्त तिला एकटीलाच हक्क, मागते, कारण पुढचा सगळा खर्च तिचा असतो, आणि ते रास्तच आहे.

कंपन्या शोधायला मोठा डेटाबेस विकत घ्यायची गरज नाही. गूगल पेटंट्स किंवा एस्पासनेट या पेटंट शोधायच्या साइटवर तुमच्या शोधाच्या जवळची जुनी पेटंटं काढा आणि त्यांचा उल्लेख पुढे कुणी केलाय ते बघा, तीच तुमची पहिली यादी. क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदणीत त्या आजारावर पैसे कोण लावतंय ते दिसतं. मग त्या कंपनीच्या साइटवर पाइपलाइन, म्हणजे तयार होत असलेल्या औषधांची यादी, उघडा आणि त्यात कशाची उणीव आहे ते शोधा. ईमेल बाहेरचे शोध घेणाऱ्या बिझनेस डेव्हलपमेंट विभागालाच, नावानिशी, सोबत एक पान: अडचण काय, आज काय वापरतात, तुमचं किती चांगलं, कुठला डेटा हातात आहे, पेटंट कुठल्या टप्प्यावर. गुपित काहीच नको, म्हणजे गुप्ततेचा करार न करता पाठवता येतं.

उत्तर आलं तर पहिला प्रश्न हमखास हाच असतो की हे दुसऱ्या लॅबमध्ये कुणी करून बघितलंय का. उगाच नाही विचारत, ॲम्जेन या औषध कंपनीत कॅन्सरवरचे ५३ गाजलेले अभ्यास परत करून बघितले तर जेमतेम ६ जुळले, हे २०१२ मध्ये छापून आलंय. म्हणून मी टीमला सांगते की सुंदर स्लाइड्स राहू द्या, आधी एखाद्या अनोळखी लॅबकडून प्रयोग परत करून घ्या. आणि नकार आला तर "का नको" हे नक्की विचारा, बरेच जण खरं सांगतात, पाच जणांनी एकच कारण दिलं तर पुढचा प्रयोग कुठला करायचा ते तुम्हाला कळलं.

हे सगळं करताना घड्याळ चालू असतं. पेटंटचा पहिला अर्ज टाकल्यापासून १२ महिन्यांत पीसीटी, म्हणजे अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज, आणि ३० महिन्यांच्या आसपास प्रत्येक देशात वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळे वकील. मी अठराव्या महिन्याला टीमला बोलावून कोण काय म्हणालं ते सगळं टेबलावर मांडते, आणि तोपर्यंत एकाही कंपनीने दुसऱ्यांदा फोन केला नसेल तर कुठले देश सोडायचे ते त्याच दिवशी ठरवतो.