घरच्या भट्टीवर सुरी घडवताय? या चुका टाळा

माझ्या पडवीत शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी विचारतो, "दादा, एका रविवारात होईल ना?" आकार एका रविवारात येतो. कमानपाट्याचा, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा, तुकडा लाल करून ऐरणीवर ठोकला की संध्याकाळपर्यंत सुरीसारखं काहीतरी हातात येतं. पण ती चालणार की मोडणार हे आचेवर ठरतं, आणि नेमकी तिथेच सगळे घाई करतात.

भर उन्हात पातं तापवणं ही त्यातली सगळ्यात महाग चूक. काही वर्षांपूर्वी काकीसाठी मासे कापायची सुरी केली, दुपारी दोन वाजता, उघड्या खळ्यात. उन्हात तापल्या लोखंडाचा रंग फिका दिसतो. मला जे कोवळं लाल वाटत होतं, ते नारिंगीच्याही पुढे गेलं होतं. अजून थोडं, अजून थोडं करत मी भाता मारत राहिलो. तेलात बुडवून काढल्यावर धारेवरून कानस घसरली, म्हणजे पातं कडक झालं, म्हणून मी निर्धास्त. चार दिवसांनी सुरमईचं डोकं तोडताना धारेचा नखाएवढा तुकडा उडाला. तो सापडेना, म्हणून काकीने कापलेली अख्खी सुरमई टाकून दिली. एक शब्द बोलली नाही. मला ते अजून लागतं.

मोडल्या जागी पाहिलं तर आत खड्या मिठासारखे चकचकीत कण. पोलाद गरजेपेक्षा जास्त तापलं की आतले कण वाढतात आणि तसं पातं काचेसारखं तडकतं. नीट आच मिळालेलं पातं मोडलं तर आत राखाडी, पिठासारखं बारीक दिसतं.

तेव्हापासून मी हे काम दिवेलागणीलाच करतो, छपराखाली, दिवा बंद ठेवून. भट्टीशेजारी तारेला बांधलेलं चुंबक लटकतं. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून रंगाची एक छटा वर, कमानपाट्याला साधारण ८३० अंश, की लगेच तेल. त्याआधी तीनदा चुंबक सोडेपर्यंत तापवून हवेत निवू देतो, ठोकताना वाढलेले कण त्याने पुन्हा बारीक होतात. शिवाय त्याच पाट्याचा एक तुकडा आधी कडक करून व्हाइसमध्ये मोडून बघतो. अर्धा तास जातो. जाऊ दे.

गावचा लोहार कोयतीला 'पाणी देतो', म्हणजे तापलेली एकदम निववून कडक करतो, ते खऱ्या पाण्यातच. ते बघून पोरं कमानपाटा थेट बादलीत बुडवतात. मग 'टक्' असा आवाज येतो आणि केसासारखी चीर दिसते. लोहार फक्त धार बुडवतो, मागची ऊब धारेकडे किती उतरली ते रंगावरून ओळखतो. ती नजर यायला वर्षं जातात. आपण शेंगदाणा तेल घ्यावं, ५० ते ६० अंश कोमट, लोखंडी डब्यात, झाकण हाताशी. गाड्यांचं काढून टाकलेलं काळं ऑइल नको, त्याचा धूर छातीत जातो.

तेलातून काढलेलं पातं कडक पण ठिसूळ असतं, रात्रभर तसंच ठेवू नका. त्याच संध्याकाळी ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, निववून पुन्हा दोन तास. पुसून स्वच्छ केलेल्या पात्यावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढला पाहिजे.

आता ग्राइंडर, घासायचा खरखरीत पट्टा फिरवणारं यंत्र. इतकी मेहनत घेतलेलं पातं लोक इथे दोन सेकंदांत घालवतात. धारेवर निळा डाग उठला म्हणजे तिथलं लोखंड ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि तेवढी जागा मऊ पडली. निळा रंग घासून काढला तरी मऊपणा आतच राहतो. एकाने असंच पातं चकचकीत करून आणलं होतं. टोकाकडे बोटभर जागा सोडून बाकी धार उत्तम होती, तेवढ्या बोटभर जागेत मात्र दोन नारळांची कातळी काढेपर्यंत धार वळली. परत तापवून, परत पाणी देऊन सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

म्हणून कडक केल्यावर मी पातं उघड्या बोटांनी धरतो. बोटाला चटका लागायच्या आत बादलीत. हातमोजा घातला तर हे कळत नाही, आणि फिरत्या पट्ट्यात मोजा अडकला तर हातच ओढला जातो. झिजलेला पट्टा कापत नाही, नुसता तापवतो. पट्टा महाग वाटतो त्यांनी पात्याला गेलेले दिवस मोजावेत. तसंच, पाणी देण्याआधी धार कागदासारखी पातळ करू नका, मिलिमीटरभर जाड ठेवा, नाहीतर ती तेलात वाकडी होते.

बाकी थोडक्यात. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड भट्टीत कधीच नको, त्या धुराने ताप भरतो. ट्रकखाली वर्षानुवर्षं राबलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असतात, मी नव्या पाट्याचे उरलेले तुकडेच घेतो. घासताना मास्क लावा.

मुठीचं लाकूड श्रावणात कापून श्रावणातच बसवू नका. फणसाची मूठ पौषात आक्रसते आणि पात्याशी फट पडते. मी लाकूड निदान एक पूर्ण उन्हाळा माळ्यावर ठेवतो.

आणि पातं देताना घेणाऱ्याला सांगा: कोकमाच्या आगळात ठेवलं तर काळं पडेल, ओलं ठेवलं तर आपल्या खाऱ्या हवेत एका रात्रीत तांबेरा धरेल. धुऊन, पुसून, खोबरेलाचं बोट फिरवायचं. काकीची दुसरी सुरी चुलीशेजारच्या खिळ्याला अशीच तेल लावून टांगलेली असते.