जाड नायिकेला शेवटी बारीक करू नका

नवोदितांच्या अद्भुतकथा आणि विज्ञानकथा वाचून त्यांवर शेरे लिहून देण्याचे काम मी गेली बारा वर्षे करीत आहे. लातूर, परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणांहून ही हस्तलिखिते येतात. अलीकडे त्यांत जाड नायक आणि जाड नायिका दिसू लागल्या आहेत. मी स्वतः ९२ किलोची असल्यामुळे मला त्याचा आनंद व्हायला हवा, आणि पहिली चार पाने तो होतोही. पुढे मात्र त्याच त्या चुका इतक्या नेमाने येतात की शेरा लिहिताना मला कथेकडे पाहावेही लागत नाही.

उःशाप आणि शेलाटी कंबर

सर्वांत जुनी आणि मला सर्वांत न सोसणारी चूक शेवटच्या पानावर असते. नायिका राक्षसाला मारते, शक्ती मिळवते किंवा दुसऱ्या ग्रहावरचे औषध पिते आणि त्याच झपाट्यात सडपातळ होते. लेखकाला वाटते की त्याने तिला बक्षीस दिले. प्रत्यक्षात त्याने वीस पाने जिच्याबरोबर काढली तिला एका वाक्यात हाकलून दिलेले असते. ज्या अंगाने ती डोंगर चढली आणि उपाशी राहिली, ते अंग जर शापच असेल, तर आधीची सगळी कथा म्हणजे आजारपणाची हकिगत ठरते.

माझ्यावर ही चूक दुसऱ्याच्या हातून ओढवली. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या प्रारंभी खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) शहरासाठी जमिनीखालून पाणी आणले, त्या नहर-ए-अंबरीवर मी एक अद्भुतकथा लिहिली होती. तिच्यात गोदा नावाची एक जाड, पन्नाशीची पाणराखीण आहे. शहराचे पाणी पळवणारा जलासुर नहरीला भगदाड पाडतो, तेव्हा गोदा उसाशातून, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या उभ्या विवरातून, दोरीने खाली उतरते, भगदाडाला पाठ लावून बसते आणि गवंड्याने भरलेला चुना धरेपर्यंत रात्रभर पाणी अडवते. ही कथा एका दिवाळी अंकाने स्वीकारली. अंक हातात पडला तेव्हा चित्रात मुठीत मावेल एवढ्या कमरेची एक तरुणी केस मोकळे सोडून पाण्यात उभी होती, आणि माझ्या शेवटच्या परिच्छेदाखाली मी न लिहिलेले एक वाक्य छापलेले होते: ‘त्याच क्षणी शाप सुटला आणि गोदाची काया चाफ्याच्या कळीसारखी शेलाटी झाली.’ माझ्या कथेत शाप नव्हता. मी फोन केला तेव्हा संपादकांनी अतिशय प्रेमाने सांगितले, “ताई, वाचकाला शेवट गोड लागतो.”

राग आठवडाभर टिकला, पण त्यातून एक सवय लागली. आता कथेचा कळसाचा प्रसंगच मी असा बांधते की पात्र बारीक केल्यास तो कोसळावा. माझ्या त्या कथेत ही गाठ अर्धीच बसली होती, कारण पाणी अडवून झाल्यावर शरीराचे कथेतले काम संपले होते. पुढच्या खर्ड्यात मी गोदाला चुना वाळल्यावरही तिथेच ठेवले: असुर परत येतो आणि ती उठत नाही. शिवाय प्रुफे स्वतः वाचल्याशिवाय आणि चित्रकारासाठी नायिकेचे वर्णन स्वतंत्र कागदावर लिहून दिल्याशिवाय मी कथा सोडत नाही. आषाढ सरायच्या आत चार अंकांना चार कथा पाठवण्याची ज्यांना घाई असते, त्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांच्या नायिका चाफ्याच्या कळ्या होतात तेव्हा मला फोन करू नये.

‘जाड’ हा शब्द सोसत नसेल तर

‘भरल्या अंगाची’, ‘खात्यापित्या घरची’, ‘सुखवस्तू देहाची’ ही सगळी लेखकाच्या संकोचाची नावे आहेत. ‘धिप्पाड’ ही तर शुद्ध पळवाट, कारण धिप्पाड माणूस उंच आणि दणकट असतो, जाड असेलच असे नाही. एका गृहस्थांनी संवेदनशील होण्याचा निश्चय करून संगणकावर एका फटक्यात सगळीकडे ‘जाड’ काढून ‘स्थूल’ घातले. त्यामुळे त्यांच्या कथेतील आजोबा स्थूल काचांचा चष्मा लावून स्थूल गोधडीत झोपू लागले. शब्द बदलण्याचे श्रम ज्याला नकोत, त्याने पात्र बदलण्याचे आव आणू नयेत. जाड माणसाला जाड म्हणावे, एकदाच म्हणावे, आणि भोपळा, हत्ती, ज्वारीचे पोते या उपमा घरी ठेवाव्यात.

भीमाचा दाखलाही जपून द्यावा. ‘वृकोदर’ हे नाव त्याच्या भुकेचे आहे, पोटाच्या घेराचे नाही. त्याच्याकडून उचलण्यासारखे काही असेल तर ते बकासुराच्या प्रसंगात आहे: राक्षस पाठीत गुद्दे घालीत असताना भीम त्याच्याकडे पाहतही नाही आणि गाडाभर अन्न शांतपणे संपवतो. तिथे खाणे हाच डावपेच आहे. आपल्या कथांतील जाड पात्र मात्र लेखकाला दुसरे काही सुचले नाही की खाते.

किल्ल्यात पळणारी राणी

दुसरी मोठी चूक उलट दिशेची आहे. पहिल्या पानावर नायिका जाड असते आणि पाठलाग सुरू झाला की तिचे शरीर गायब होते. ही चूक मी स्वतः केली आहे. देवगिरीच्या किल्ल्यातील अंधारीवर, म्हणजे शत्रूला चकवण्यासाठी खडकातून काढलेल्या त्या वळणावळणाच्या काळोख्या वाटेवर, मी एक प्रकरण लिहिले होते आणि त्यात माझी जाड राणी पायऱ्यांवरून वाऱ्यासारखी पळत सुटली होती. माझ्या थोरल्या बहिणीने, आम्ही तिला अक्का म्हणतो, ते वाचले आणि मे महिन्यात मला दौलताबादला नेले. अक्का माझ्यापेक्षाही जाड आहे.

अंधारीच्या तोंडाशी तिने पदर खोचला, डावा तळवा भिंतीला लावला आणि प्रत्येक पायरीवर आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा पाय, अशी ती चढू लागली. वटवाघळांचा वास होता. माझा श्वास तिच्याआधी फुलला, कारण मी घाई करीत होते. ती मध्येच थांबून बोलायची. ते थांबणे दमल्याचे न दिसता गप्पांचे दिसावे अशी तिची सवय आहे आणि ती मी आयुष्यभर पाहूनही कधी लिहिली नव्हती. “तुझी राणी इथं पळती म्हणायलीस?” ती म्हणाली. “तिला म्हणावं, आधी भिंतीला हात लाव.” उतरताना ती आडवी झाली, खेकड्यासारखी एका अंगाने, कारण चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघे बोलतात. खाली आल्यावर तिने पर्समधून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली आणि आडोसा शोधला. उन्हाळ्यात चालून मांड्या घासतात, हे कोणत्याही अद्भुतकथेतील शूर नायिकेला अद्याप झालेले मी वाचलेले नाही.

मी ते प्रकरण पुन्हा लिहिले. राणी आता पळत नाही, ती वाट अडवून हळू चढते. अंधारीत तिच्या शेजारून कोणाला पुढे जाता येत नाही आणि पाठलाग करणाऱ्यांना तिच्या चालीनेच चालावे लागते. ही युक्ती मला टेबलाशी बसून दहा वर्षांत सुचली नसती. म्हणून नवोदितांना माझे सांगणे असते की प्रकरण लिहिण्याआधी एखाद्या जाड माणसाबरोबर, त्याची हरकत नसेल तर, दोन मजले चढून पाहावे. बहुतेकजण मान डोलावतात आणि जात नाहीत.

वजनावरचे विनोद आणि भौतिकशास्त्र

विज्ञानकथावाल्यांची गंमत अशी की त्यांना विनोद सुचतो आणि विज्ञान विसरते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिसूक्ष्म थरथरी टिपणारी, वेधशाळा उभी राहायची आहे, तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या असतील. त्यावर आलेल्या तीन कथांत जाड शास्त्रज्ञ बाई चालल्या की यंत्र थरथरते, हा एकच विनोद होता. अशा यंत्राला वाहनांची वर्दळही नको असते, त्यामुळे किडकिडीत शिपाईसुद्धा तितकाच नकोसा. आणि अमेरिकेतील लायगोत आधी सुमारे ११ किलोचे आरसे होते, त्यांच्या जागी नंतर ४० किलोचे बसवले, ते लेसरच्या प्रकाशाच्या दाबाने कमी हलावेत म्हणून. जड वस्तू स्थिर राहते. ज्याला विनोदच करायचा आहे त्याने तो इथून सुरू करावा.

चंद्रावर वजन सहाव्या हिश्शाचे होते म्हणून ९६ किलोची नायिका हरणासारखी बागडू लागते, हेही तसेच. तिचे वजन १६ किलोच्या आसपास दिसेल, पण वस्तुमान ९६च राहील. धावत आल्यावर थांबायला आणि वळायला पृथ्वीवर लागतो तेवढाच जोर लागेल, आणि तो जोर लावायला बुटाखालची पकड मात्र सहाव्या हिश्शाची असेल. अवकाशस्थानकात अडकलेला बोल्ट पान्याने फिरवताना, दोघांचेही पाय अधांतरी असतील तर, हलका माणूस स्वतःच जास्त गरगरतो आणि जड माणूस कमी. एवढ्यावर एक चांगला प्रसंग उभा राहतो, आणि तो मला अजून कोणी लिहून दिलेला नाही.

उरलेल्या

खुर्ची मोडणे बंद करावे. जाड मित्र नायकाच्या आधी मरू नये. नायिका जाड ‘असूनही’ कोणी तिच्यावर प्रेम करीत असेल, तर त्या माणसाला कथेतून काढावे.

आणि पोशाखाचा विचार करावा. मार्च २०१९ मध्ये दोन महिला अंतराळवीरांचा एकत्र स्पेसवॉक ठरला होता. दोघींना अंतराळपोशाखाचा मध्यम मापाचा धडाचा भाग हवा होता आणि तयार एकच होता, म्हणून बेत बदलला. दोन महिलांचा स्पेसवॉक अखेर त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला झाला, पण तेव्हा त्या दोघींपैकी एकीच्या जागी दुसरी होती. दोष अंगाचा नव्हता, कपाटाचा होता. त्यामुळे जाड नायकाच्या अंगावर चिलखत चढवलेले दिसले की मी समासात एकच प्रश्न लिहिते: हे कोणी शिवले? जिंतूरकडच्या एका मुलाने त्यावर चिडून उत्तर पाठवले की नायकाची मावशी शिंपीण आहे, तिने दोन बैलांचे कातडे जोडून शिवले आणि काखेत घाम साचू नये म्हणून भोके पाडली. त्याच्या मूळ कथेत मावशी नव्हती. नव्या खर्ड्यात तिला पूर्ण दुसरे प्रकरण मिळाले आहे.