पिनकोड ४१६००१ चा गणिती पंचनामा कसा करायचा

कोल्हापूरचा ४१६००१ आपण कुरिअरच्या फॉर्मवर डोळे झाकून लिहितो, पण ती चांगली सहा आकडी संख्या आहे आणि तिच्या पोटात काय दडलंय, म्हणजे कोणत्या मूळ संख्यांच्या गुणाकारातनं ती बनलीय, ते कागद-पेन घेऊन काढता येतं. (पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले आणि ही पद्धत बसवली ती आपल्याच मराठी माणसानं, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, संस्कृतचे मोठे पंडित होते ते.)

आधी भागत कुठवर बसायचं ते ठरवा. ६४४ चा वर्ग ४१४७३६ आणि ६४५ चा ४१६०२५, म्हणजे आपली संख्या पूर्ण वर्ग नाही, २४ नं हुकली. आता ६४४ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येनं भाग गेला नाही तर पुढं बघायचंच नाही, कारण दोन्ही अवयव वर्गमुळापेक्षा मोठे असले तर गुणाकार संख्येच्या वर जाणार ना.

मग सोप्या कसोट्या. शेवटी १ आहे, २ आणि ५ कटाप. अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ नं भाग जातो, ९ नं नाही. भागलं की १३८६६७ उरतं आणि मर्यादा लगेच ६४४ वरून ३७२ वर येते, ही मजा बरेच जण विसरतात आणि उगाच पुढं भागत बसतात.

७, ११, १३ साठी एक भारी युक्ती आहे. ७×११×१३ = १००१, म्हणून ४१६००१ चे तीन-तीन अंक तोडा आणि वजा करा: ४१६ − ००१ = ४१५. ७ नं बाकी २, ११ नं ८, १३ नं १२. एका वजाबाकीत तिघांचा निकाल!

१७ आणि १९ ला सरळ भागाकारच करायचा, जात नाही. २३ ला मात्र १३८६६७ = २३×६०२९, नाद खुळा. ६०२९ साठी मर्यादा आता फक्त ७७. २३ परत एकदा तपासा (तोच अवयव दोनदा असू शकतो) आणि मग २९ पासून ७३ पर्यंत चला. ६७ ला वाटतं की गेला, पण ६७×९० = ६०३०, एकानं चुकला. कुणीच जात नाही, म्हणजे ६०२९ मूळ संख्या.

४१६००१ = ३×२३×६०२९. अवघड काम संपलं, बाकी सगळं यातनंच निघतं.

तीन वेगवेगळे मूळ अवयव, म्हणून विभाजक २×२×२ = ८. त्यांची बेरीज (१+३)(१+२३)(१+६०२९) = ५७८८८०, त्यातनं स्वतः संख्या वजा केली की १६२८७९. परिपूर्ण संख्येत, म्हणजे ६ किंवा २८ मध्ये, ही बेरीज संख्येएवढीच येते, इथं निम्मीसुद्धा नाही.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिताच येत नाही, कारण ४ नं भागल्यावर बाकी ३ देणारा मूळ अवयव एकदाच आला की ते जमत नाही आणि इथं ३ आणि २३ दोघंही तसलेच. वजाबाकी मात्र जमते: ६९×६०२९ घ्या, दोघांची सरासरी ३०४९, फरकाचा निम्मा २९८०, झालं ३०४९² − २९८०².

हात बसला की राजारामपुरीचा ४१६००८ घ्या. आठानं पटकन भाग जाईल, पण उरलेला ५२००१ चांगलाच घाम काढतो, १४९ येईपर्यंत काहीच लागत नाही, आणि मग निघतं १४९×३४९.