संविधानाचा अभ्यास दुरुस्तीच्या कलमापासून सुरू करावा

एखाद्या देशाचे संविधान अभ्यासताना अनेक विद्यार्थी पहिल्या पानापासून क्रमाने वाचू लागतात आणि संस्थांच्या तपशिलात अडकतात. त्याऐवजी संविधान कसे बदलता येते हे सांगणारे कलम आधी वाचावे, कारण त्या देशाने कोणत्या गोष्टींना सहजासहजी हात लावू द्यायचा नाही असे ठरवले आहे, हे तेथेच सर्वांत स्पष्ट दिसते. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यातील, म्हणजे त्या देशाच्या संविधानातील, कलम ७९ मानवी प्रतिष्ठेचे तत्त्व दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवते. भारताच्या संविधानातील दुरुस्तीविषयक कलम ३६८ मध्ये अशी मर्यादा लिहिलेली नाही. ती सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात मूलभूत संरचनेच्या सिद्धान्ताद्वारे, म्हणजे संविधानाची मूळ चौकट संसदेला दुरुस्तीनेही मोडता येत नाही या तत्त्वाद्वारे, घातली. म्हणूनच नुसता मजकूर पुरत नाही, आणि वहीत प्रत्येक महत्त्वाच्या कलमाशेजारी त्याचा अर्थ लावणारा निकाल नोंदवणे मला अत्यावश्यक वाटते. केशवानंद भारती निकाल ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमताने लागला होता, तेव्हा अल्पमतातील न्यायाधीशांचा युक्तिवादही तितक्याच गांभीर्याने वाचावा. ब्रिटनमध्ये एकसंध लिखित संविधान नसल्याने तेथे सुरुवात संसदेचे कायदे, न्यायनिर्णय आणि संकेत (रूढ झालेल्या राजकीय प्रथा) यांपासूनच करावी लागते.