मूल ३ चा ६ काढतंय?

बालवाडीतल्या मुलानं ३ काढायला सांगितल्यावर ६ काढला, की लगेच खोडरबर हातात घेऊ नका. कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, कप तो कपच, हे मूल जन्मापासून शिकलेलं असतं. दिशा बदलली की चिन्हच बदलतं, हा नियम त्याला पाटीवर पहिल्यांदाच भेटतो. साधारण सात वर्षांपर्यंत अशी उलटापालट अगदी स्वाभाविक आहे.

दोन्ही आकडे एकदम शिकवू नका, गोंधळ तिथेच होतो. आठवडाभर फक्त ३. ताटात रवा पसरा, मुलाचं बोट धरा आणि डावीकडून सुरुवात करून सावकाश फिरवा. तोंडानं म्हणत राहा, ‘तीनचं तोंड डावीकडे.’ तो पक्का झाला की मगच ६, उजवीकडून. मग ३६ लिहून दाखवा: दोघं पाठ फिरवून रुसलेत. ६३ मध्ये समोरासमोर गप्पा मारतायत! मुलांना हे फार आवडतं. इंग्रजी बी-डीलाही हीच युक्ती.

आठव्या वर्षानंतरही उलटं लिहिणं सुरू असेल आणि वाचतानाही मूल अडत असेल, तर मात्र बाईंशी बोला, तज्ज्ञांना दाखवा. तोवर कृपा करून रागावू नका.